आईच्या खोलीला वांगी की आमसुली? दोन गडद रंगांत निवड होत नाहीये

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी,

विलेपार्ले पूर्वेला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. आतली खोली आता आईची होणार आहे. तिची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली, नवी जागा ताब्यात येईपर्यंत ती आमच्याकडेच. चाळीत खाली कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि वर पिस्ता डिस्टेंपर. कोणता रंग लावायचा हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. या वेळी मी विचारलं, तर एका दमात म्हणाली, "गडद दे. जांभळटातला. ऑफव्हाइट मला दाखवूसुद्धा नकोस." तेव्हा रंग गडदच लागणार, त्यावर चर्चा नको.

शेडकार्डातून तिने स्वतःच दोन निवडले. शेजारशेजारच्या पट्ट्यांवरचे अगदी तळाचे. एक वांगी, निळसर झाक असलेला जांभळा. दुसरा आमसुली, त्यात लाल जास्त. कार्डावर दोन्ही छान दिसतात, आणि इतके जवळचे आहेत की दुकानातल्या माणसानेही उलटंपालटं करून दाखवलं.

खोली १० बाय ११, उंची साडेनऊ फूट. खिडकी एकच, उत्तरेची, आणि पलंगाचं डोकं तिच्या समोरच्या भिंतीला. जमिनीवर पांढुरक्या मोझॅक टाइल्स. आईचा शिसवी पलंग, सागवानी कपाट, कोपऱ्यात देव्हारा. दुपारी चारच्या पुढे ती खिडकीपाशी वाचत बसते. तिन्हीसांजेला समई लावली की तिथेच बसून फुलवाती वळते. म्हणजे खोलीचा खरा वापर संध्याकाळचा.

आता अडचणी. शेजारी टॉवर उठतोय, त्याला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी, आमच्या खिडकीपासून जेमतेम पंधरा फुटांवर. दिवसा दोन्ही रंगांचे तुकडे भिंतीवर धरले तर दोन्ही सारखेच कळकट दिसतात. रात्री ट्यूब लावली की वांगी एकदम निळा होतो आणि आमसुली मलूल पडतो.

दुसरी गोष्ट मला अजून नीट कळलेली नाही. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं दिवाळीनंतर आहे. ती तुकडे हातात घेते, एक डोळा झाकते, मग दुसरा झाकते. डाव्या डोळ्याने बघून म्हणते, "वांगी कसला, हा तर काळपट तपकिरी." उजव्याने बघितलं की म्हणते, "अगं बाई, हा चांगला जांभळा आहे की!" तोच कागद, तीच खिडकी.

घरी येऊन गेलेला पेंटर म्हणतो, गडद रंगांत फरक पडत नाही, कुठलाही घ्या, दोन हातांत काम होईल. मला ते पटलेलं नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी रंग मागितलाय, तो तिला तिच्या डोळ्यांना आवडेल असाच लागला पाहिजे. कुणी गडद जांभळट रंग घरात लावलाय का? दोघांतला कोणता, आणि ठरवायचं कशावरून?

तिसरा_मजला

ताई, एवढ्याशा खोलीला चारी भिंती गडद? उन्हाळ्यात तापेल हो. एक भिंत करा, बाकी क्रीम. आमच्याकडे तसंच आहे आणि डोळ्यांना बरं वाटतं.

रंगकाम_काका

तापण्याचा संबंध बिल्डिंगच्या बाहेरच्या रंगाशी आणि गच्चीशी. आतल्या भिंतीचा रंग बदलून खोलीचं तापमान काही जाणवण्याएवढं बदलत नाही. ती काळजी सोडा.

पार्लेकरीण ताई, मी रंगकामाची कंत्राटं घेतो, पार्ले ते बोरिवली याच पट्ट्यात. तुमच्या पेंटरने दोन हात म्हटलं ते गडद वांगी-आमसुलीला पुरत नाहीत. कारण सांगतो. फिक्या शेडच्या डब्यात पांढरं पिगमेंट, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भरपूर असतं. तेच खालची भिंत झाकतं. गडद शेड ज्या बेसमध्ये बनते त्यात पांढरं जवळपास नसतंच, नाहीतर रंग गडद होणारच नाही. मशीन त्यात रंगद्रव्य सोडतं, त्यासाठी डबा मुद्दाम थोडा रिकामा ठेवलेला असतो. लाल आणि जांभळी द्रव्यं स्वभावाने पारदर्शक. म्हणून पांढऱ्या लांबीवर, म्हणजे पुट्टीवर, पहिला हात मारला की भिंत चट्ट्यापट्ट्यांची दिसते आणि घरातले घाबरतात. उपाय एकच, प्राइमरच्या वर आधी करड्या रंगाचा एक हात द्यायचा, मग शेडचे दोन, लागला तर तिसरा. डब्यावर लिहिलेलं चौरस फुटांचं गणित फिक्या रंगाला बरोबर बसतं, तुम्ही जास्तच धरा.

पण त्याआधी शेड ठरवायची. कार्डाचा तुकडा विसरा. दोन्ही शेडचे लहानात लहान डबे बनवून घ्या. स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगच्या पूर्ण शीट मिळतात, २२ बाय ३० इंची. प्रत्येक शेडच्या दोन शीट करा, दोन हात मारा, मधे पूर्ण वाळू द्या. ओला असताना इमल्शन दुधाळ दिसतं, वाळल्यावर गडद होतं, तेव्हा ओल्या शीटवरून मत बनवू नका. एक शीट भिंतीच्या मध्यावर लावा, दुसरी कोपऱ्यात घडी घालून, म्हणजे दोन भिंतींचा रंग एकमेकींवर कसा पडतो ते दिसेल. कोपऱ्यात गडद रंग अजून एक पायरी खाली जातो.

आणि दोन्ही शेड कधीही शेजारी लावून बघू नका. शेजारी लावल्या की वांगी आहे त्याहून निळा दिसतो आणि आमसुली आहे त्याहून लाल. भिंतीवर तर एकच राहणार आहे. आज एक लावा, तिच्यासोबत पलंगाचं लाकूड बघा, देव्हारा बघा. उद्या दुसरी.

चारी भिंतींबद्दल: खिडकी ज्या भिंतीत आहे ती गडद करू नका. खिडकीतून उजेड येतो आणि तिच्या आजूबाजूची भिंत कायम पाठमोरी राहते, तिथे वांगी काय, आमसुली काय, नुसता काळा दिसेल. शिवाय लख्ख उजेड आणि काळी भिंत शेजारीशेजारी आली की डोळे दिपतात. ती भिंत आणि खिडकीच्या आतल्या कडा पांढऱ्या ठेवा, उजेड आत ढकलतील. बाकी तीन भिंती खुशाल गडद.

ओल तपासली का? उत्तरेची भिंत, जुनी बिल्डिंग, पावसाळा नुकता संपतोय. दोन फुटांचं प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दिवसभर ठेवा. काढताना आतून दमट लागलं तर भिंतीत पाणी आहे. फिक्या रंगावर लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटला तर लवकर लक्षात येत नाही, आमसुलीवर पांढरी रांगोळी उमटेल. परतीचा पाऊस जाऊ द्या, नवरात्रानंतर काम धरा, दिवाळीच्या आत आरामात होतं.

चष्मा_आणि_बरंच_काही

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज मोतीबिंदूचे पेशंट बघते. तुमच्या आईंचं निरीक्षण अगदी अचूक आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट होत जातं, मोतीबिंदूत तर तपकिरीपर्यंत जातं. पिवळं भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवतं आणि लाल बराचसा जाऊ देतं. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळे अडलेला निळा पुन्हा आत येतो. एकाच डोळ्याचं झालेलं असेल तोवर माणसाला दोन डोळ्यांची तुलना करता येते. पुष्कळ जण सांगतात की या डोळ्याने भिंत पांढरी दिसते, त्या डोळ्याने मळकी. आई हीच तुलना वांगी रंगावर करतायत. वांग्यातला निळा डाव्या डोळ्यात पोचतच नाही, मग उरतो तो काळपट तपकिरी.

तुमच्या निवडीसाठी याचा सरळ अर्थ असा: मत उजव्या, ऑपरेशन झालेल्या डोळ्याचं घ्या. दिवाळीनंतर डावा डोळाही तसाच बघू लागेल आणि पुढची सगळी वर्षं त्या तसंच बघणार आहेत. डाव्या डोळ्याने निवडलेला रंग दोन महिन्यांत वेगळाच वाटेल.

अजून दोन गोष्टी, कारण खोली वयस्क माणसाची आहे. एक, फिनिश मॅट घ्या. चकाकणाऱ्या गडद भिंतीत ट्यूबचं प्रतिबिंब पडतं आणि ज्येष्ठांना ती चकाकी आपल्यापेक्षा जास्त त्रास देते. दुसरं, रात्री उठताना. मंद उजेडात डोळ्याची लाल रंग ओळखण्याची ताकद सगळ्यात आधी जाते, निळा-हिरवा त्या मानाने उजळ वाटतो. झीरोच्या बल्बमध्ये आमसुली भिंत काळीच दिसणार. पण तुमच्याकडे एक मोठी सोय आहे: खाली पांढुरक्या टाइल्स. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, हे त्यांना स्पष्ट दिसेल. पांढरे स्विचबोर्ड आणि पांढरी दाराची चौकट गडद भिंतीवर उठून दिसतात, तीही बदलू नका. क्रीम भिंतीवर क्रीम स्विच शोधत चाचपडणारे पेशंट मला माहीत आहेत.

दिवाबत्ती

मी लोहार चाळीत लाइटच्या धंद्यात आहे. रंगाचा निम्मा निकाल दिव्यावर लागतो, त्यामुळे बोलतो.

आधी तुमची हिरवी जाळी. जाळीतून आणि जाळीवरून आपटून येणाऱ्या उजेडात हिरवा जास्त. वांगी असो की आमसुली, दोन्ही रंग हिरवा प्रकाश गिळतात. परत काही येतच नाही, म्हणून दिवसा दोन्ही कळकट आणि एकसारखे. त्या उजेडात बघून काहीही ठरवू नका, टॉवर पूर्ण झाला की जाळी जाणार आहे. मात्र टॉवर जागेवर राहणार, तेव्हा आकाशाचा उजेड आजच्यापेक्षा कमीच होईल. उत्तरेच्या खिडकीत मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला कललेला असतो, पण जून लागला की ढगच. तेव्हा सूर्यावर भिस्त ठेवू नका, दिव्यावर ठेवा.

आता ट्यूब. आपल्याकडे घरोघरी लागते ती ६५०० केल्विनची, निळसर पांढरी. त्यात वांगी निळा होणार आणि आमसुलीतला लाल मरणार, तुम्ही लिहिलंय तसंच. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात नेमकं उलटं होतं, आमसुली फुलतो आणि वांगी काळ्याकडे जातो.

पण नुसतं "वॉर्म" मागून भागत नाही. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो, साध्या एलईडीचा ८०. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी आहे, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्या लालाचा आकडा वेगळा, त्याला आर-नाइन म्हणतात, आणि ८० सीआरआयच्या कित्येक दिव्यांत तो शून्याच्या आसपास असतो. म्हणून स्वस्त पिवळ्या दिव्यातही मरून, आमसुली, डाळिंबी हे रंग शेणकट दिसतात. सीआरआय ९० किंवा वरचा दिवा मागा आणि आर-नाइन किती ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

गडद भिंत उजेड पिते, हेही धरा. तुमच्या शेडचा एलआरव्ही, म्हणजे शंभरातला किती उजेड ती परत फेकते, १० च्या खालीच असणार. मधोमध एकच ट्यूब पुरणार नाही. छताकडे उजेड फेकणारा एक दिवा, आणि आईंच्या वाचायच्या खुर्चीपाशी खांद्यामागून येणारा ४००० केल्विनचा एक वेगळा दिवा द्या.

पार्लेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलं ते क्रमाने केलं.

प्लॅस्टिक लावलं, पलंगाच्या आणि कपाटाच्या भिंती कोरड्या निघाल्या. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर खालच्या बाजूला थोडा दमटपणा सापडला. प्लंबर बोलावलाय, तो भाग वाळल्याशिवाय पुट्टी नाही.

शीट काकांनी सांगितल्या तशा केल्या. लोहार चाळीत जाऊन ९० सीआरआयचे ३००० केल्विनचे दिवे आणले आणि तात्पुरत्या होल्डरवर लावले. आधी वांगी लावला. जुन्या ट्यूबखाली आईने उजव्या डोळ्याने पाहिला आणि म्हणाली, "हा शाईसारखा आहे, शाळेत असल्यासारखं वाटेल." नव्या दिव्यात तोच रंग काळा पडला. समई लावल्यावर तर शीट आहे की भिंतीला भोक आहे, तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी आमसुली. नव्या दिव्याखाली त्यातला लाल वर आला, शिसवी लाकूड त्याच्याजवळ उबदार दिसायला लागलं. दिवा बंद करून नुसती समई ठेवली. ज्योतीजवळचा भाग भिजवलेल्या आमसुलाच्या पाण्याचा जो रंग असतो त्यावर आला, आणि लांबचा भाग गडदच राहिला. आई वाती वळत बसली होती. तिने हातातली वात शीटसमोर धरली आणि म्हणाली, "कापसाचा तंतू न् तंतू दिसतोय." चाळीतल्या पिस्ता भिंतीसमोर पांढरा कापूस तिला नीट दिसायचा नाही, हे मला या वयात कळलं.

मग तिने आपणहून एक डोळा झाकला, दुसरा झाकला. आमसुली दोन्ही डोळ्यांना जवळजवळ तसाच दिसला, डाव्याला किंचित तपकिरी, एवढंच. डॉक्टरताई, लाल प्रकाश पिवळ्या भिंगातूनही जातो असं तुम्ही लिहिलंत, ते असं समोर दिसलं. म्हणजे डाव्याचं ऑपरेशन होण्याआधी आणि नंतर, रंग तिला ओळखीचाच राहील. माझ्यासाठी तिथेच निर्णय झाला. तिचा तर वात हातात धरली तेव्हाच झाला होता.

तर आमसुली. तीन भिंती, खिडकीची भिंत पांढरी, फिनिश मॅट. दोन हातांत काम होईल म्हणणाऱ्या पेंटरला नाही कळवलंय.

काका, दोन शंका आहेत. छताची आणि भिंतीची रेषा आमच्याकडे वाकडी आहे, जुनं प्लास्टर. गडद रंगाला ती फार दिसेल का? आणि मॅट भिंतीला पलंग घासला, ओरखडा आला तर काय करायचं?

रंगकाम_काका

रेषा दिसेल, म्हणून छताचा पांढरा रंग भिंतीवर तीन इंच खाली उतरवा. रेषा लेव्हलने आखून मास्किंग टेप लावायची, टेपच्या कडेवरून आधी पांढऱ्याचाच एक बारीक हात फिरवायचा म्हणजे फटी बंद होतात, मग आमसुली. डोळा त्या सरळ रेषेकडे जातो, वरचा वाकडेपणा पांढऱ्यात पांढरा लपतो. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर पापुद्रा निघेल.

ओरखड्याचं: गडद मॅटवर हात घासला तरी फिकी चमक येते, ओल्या फडक्याने जोरात पुसू नका. पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, डोक्याकडच्या फळीला मागून फेल्टचे तुकडे चिकटवा. टचअपचा नुसता ठिपका लावला तर ठिपकाच दिसतो, लावायचा झाला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत. त्यासाठी माल एकदमच बनवून घ्या, सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, कारण दोन वेळा बनवलेल्या गडद शेडमध्ये उन्नीस-बीस होतंच. उरलेला लिटरभर घट्ट झाकून ठेवा, झाकणावर शेडचा कोड आणि तारीख लिहा, आणि तो डबा बाल्कनीच्या उन्हात नको, कपाटाच्या खाली ठेवा.